पडदा कुणाचा? मावळातल्या खिडक्यांचा इतिहास

'पडदा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. शब्द ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं पडदा ही वस्तू आली आणि पडदा ही चालही आली, असा एक समज आपल्याकडे पक्का होऊन बसला आहे. भाषणांत, लेखांत, घरगुती गप्पांत तो इतक्या सहज येतो की कुणी त्याचा पुरावा मागत नाही. मुसलमान आले आणि बायका खिडकीआड गेल्या. त्याआधी सगळं उघडं, हवेशीर आणि उजेडाचं होतं म्हणे.

हा समज तपासायला दिल्ली-लखनौला जायची गरज नाही. पुणे-लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरलात तरी पुरे. स्टेशनच्या एका अंगाला भाज्याची लेणी आहेत, दुसऱ्या अंगाला हमरस्ता ओलांडून कार्ल्याची.

कार्ल्याचं चैत्यगृह भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह मानतात. लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर. सगळे लोक आत शिरून खांब बघतात, खांबांवरचे हत्ती बघतात, वरच्या सागवानी फासळ्यांकडे बघून थक्क होतात. मला मात्र या लेण्यात सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते ती दारावरची घोड्याच्या नालेसारखी कमान. आत उजेड येतो तो मुख्यतः या एकाच मोठ्या खिडकीतून. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट आत, आणि नैर्ऋत्येकडून येणारा मावळातला पाऊसही थेट आत. यावर कारागिरांनी काढलेला तोडगा दुहेरी आहे. बाहेर आधी दगडाचा एक आडोसा, वरच्या बाजूला उजेडासाठी मोकळा ठेवलेला. त्यामागे ओसरी. मग कमान, आणि कमानीत लाकडी चौकट आणि जाळी. तिचे काही भाग अजून जागेवर आहेत. ऊन या दोन अडथळ्यांतून गाळून, नरम होऊन स्तूपावर पडतं आणि बाजूचे खांब अंधुक राहतात. जेम्स फर्ग्युसननं भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिताना कार्ल्याच्या या उजेडाची मनापासून तारीफ केली आहे.

भाजं याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं. तिथल्या चैत्याचा दर्शनी भाग लाकडी होता. लाकूड गेलं, पण ते बसवण्यासाठी खडकात पाडलेल्या खाचा तुम्ही बोट घालून पाहू शकता. तिथल्या विहाराच्या ओसरीत दगडातच कोरलेली जाळीची खिडकी आहे. लाकडाची, वेताची जाळी करण्याची सवय हाताला इतकी जडलेली होती की दगडातही तीच उतरली.

म्हणजे मावळात खिडकी झाकायची कला किमान २,००० वर्षांची आहे. इस्लामचा जन्म व्हायला तेव्हा अजून पाच-सहाशे वर्षं होती.

गंमत पुढेच आहे. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावचे अनेक 'यवन' आहेत. ही मंडळी ग्रीक म्हणा किंवा पश्चिमेकडून आलेली म्हणा, धर्मानं बौद्ध झालेली, नावंही बहुतेक इथलीच घेतलेली. आणि संस्कृत नाटकात रंगमंचावरच्या पडद्याला शब्द आहे 'यवनिका'. अनेक अभ्यासक तो 'यवन' शब्दावरूनच आला असं मानतात. काहींना 'जवनिका' हे रूप मूळचं वाटतं, तो वाद वेगळा. पण पडदा म्हटलं की परक्याकडे बोट दाखवायची सवयही बहुधा फार जुनी असावी.

ही सवय फक्त आपली नाही. तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडप असते ना, पट्ट्या फिरवल्या की उजेड कमी-जास्त होतो आणि बंद असतानाही हवा खेळते, तिला इंग्रज 'व्हेनिशियन' म्हणतात, म्हणजे व्हेनिसची. लंडनमध्ये १७६९ साली तिचं पेटंटही घेतलं गेलं. खुद्द इटलीत मात्र तशा झडपेला 'पेर्सियाने' म्हणतात, म्हणजे इराणची. स्पॅनिश-पोर्तुगीजांतही 'पेर्सियाना'. फ्रेंचांनी तिच्या एका प्रकाराला 'जालूझी' असं नाव दिलं. त्याचा सरळ अर्थ मत्सर, आपल्या बायकोवर दुसऱ्याची नजर पडू नये म्हणून नवऱ्याच्या पोटात उठणारा. जर्मनांनी तोच शब्द उचलला. पॅरिसच्या नवऱ्याला काय बिजापूरहून कुणी शिकवायला गेलं होतं?

आपल्याकडच्या इंग्रजांनी याच झडपेला 'झिलमिल' म्हटलं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात या शब्दाची नोंद आहे. सगळ्या नावांत मला हे एकच नाव प्रामाणिक वाटतं. ते कुठल्या देशावर ढकलत नाही, कुणाच्या मत्सराबद्दल बोलत नाही. पट्ट्यांमधून उजेड कसा दिसतो तेवढंच सांगतं.

आता चालीबद्दल. पाणिनीच्या व्याकरणात 'असूर्यंपश्य' हा शब्द कसा तयार होतो याचा नियम आहे. अर्थ, सूर्यही न पाहणारा. सातव्या शतकातल्या काशिकावृत्तीनं त्याला दिलेलं उदाहरण आहे राजाच्या स्त्रियांचं. व्याकरणाची पुस्तकं उदाहरणं निवडतात ती वाचणाऱ्याला पटकन ओळखू येतील अशी. राणीवशाला ऊनही दिसत नाही, हे त्या काळच्या विद्यार्थ्याला नवल वाटण्यासारखं नव्हतं.

आपल्या मावळात उतरायचं तर तळेगावला उतरा. सेनापती दाभाड्यांचं हे गाव. मराठा सरदार घराण्यांत बायकांच्या आडपडद्याला 'गोषा' म्हणत. हाही शब्द फारसीच, अर्थ कोपरा. पण पाळणारी घराणी अस्सल मराठा होती आणि गोषा हे त्यांच्या प्रतिष्ठेचं लक्षण होतं. बाई बाहेर निघाली तर मेण्यातून, मेण्याला चहूबाजूंनी पडदे. त्याच दाभाड्यांच्या घरातल्या उमाबाई. १७३१ साली डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडला आणि सेनापतीपदाचा कारभार त्यांच्या हातात आला. फौजा, मुलूख, छत्रपती आणि पेशव्यांशी खटके, सगळं त्यांनी बघितलं. उमाबाईंचा अभिमान वाटणाऱ्यांना गोषा आठवत नाही, आणि गोषा आठवला की तो मुसलमानांचा असतो.

मला इथं हिशेब चुकता करायचा नाही. आमच्यात परदा नव्हता असं म्हणणारा खोटं बोलेल. मुसलमान समाजात तो होता, आहे, आणि ज्या घरांत खिडकीला बाराही महिने पोत्याचं कापड असायचं तिथल्या बायकांनी त्याची किंमत उजेडानं आणि हवेनं मोजली आहे. रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेनं १९३१ साली 'अवरोधबासिनी' या पुस्तकात अशा किश्शांची माळच ओवली. त्यातला एक रेल्वे स्टेशनवरचा आहे. बुरख्यात अडखळून एक बाई गाडी आणि फलाटाच्या मधे पडते. तिला परक्या पुरुषाचा हात लागू नये म्हणून सोबतची दासी हमालांना जवळ येऊ देत नाही. गाडी सुटते. रुकैयांनी हे कुठल्या परक्याबद्दल लिहिलं नाही, आपल्याच नात्यातल्या बाईबद्दल लिहिलं. माझ्या मते पडद्यावर बोलायचा खरा अधिकार अशा माणसांचा.

म्हणून प्रश्न 'पडदा कुणी आणला' हा नाही. खिडकीवरचा आडोसा वर-खाली करायची दोरी कुणाच्या हातात आहे, हा आहे.

साधा चिकाचा पडदा घ्या. बांबूच्या बारीक काड्या सुतानं विणलेल्या, मधे फटी. दिवसा खोलीत अंधार आणि बाहेर उजेड असेल तर आतल्या माणसाला रस्ता स्वच्छ दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. रात्री खोलीत दिवा लागला की उलट होतं, बाहेरच्याला सगळं दिसतं. अंधाऱ्या बाजूचा माणूस बघतो, उजेडातला दिसतो. इतकंच त्याचं तंत्र. उर्दू शायरांनी चिलमनवर शेकडो शेर लिहिले ते या तंत्रावरच, पण त्या सगळ्यांत शायर रस्त्यावर उभा असतो. आतून चिलमनीतून बघणारीला काय दिसत होतं हे फार थोड्यांनी विचारलं. कैरोच्या मश्रबिया खिडक्यांचंही तसंच. लाकडाची नाजूक जाळी पाहून लोक हरमच्या गोष्टी रचतात. शब्दाच्या मुळाशी मात्र 'पिणं' आहे. त्या जाळीत वाऱ्यावर पाण्याचे मडके गार करायला ठेवत, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

पाणी आणि वारा यांचा हा मेळ आपल्याकडे वाळ्याच्या ताटीनं साधला. अबुल फजलनं 'आईने अकबरी'त अकबराच्या काळातल्या खसखान्याची नोंद केली आहे. वाळ्याच्या मुळांच्या भिंती, त्यांवर पाणी, आणि भर उन्हाळ्यात आत हिवाळा. पुढे साहेबांच्या बंगल्यांत हीच ताटी दारा-खिडक्यांना लागली आणि जी.आय.पी. रेल्वेच्या काही पहिल्या वर्गाच्या डब्यांतही पोहोचली.

रेल्वेचं नाव निघालं की लोणावळा-खंडाळ्याच्या खिडकीचा खरा इतिहास सुरू होतो.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण खालची खोपोली आणि वरचा खंडाळा जोडलेले नव्हते. मधला घाट पालखी, तट्टू किंवा गाडीनं चढायचा. पडदेवाल्या पालखीतून उतरून आगगाडीच्या डब्यात बसणारे प्रवासी ही त्या पाच वर्षांतली रोजची गोष्ट. १८६३ मध्ये घाटाची रेल्वे पूर्ण झाली. २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा खडा चढ. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुढे चालवलं.

१८६१ च्या सुरुवातीला या घाटात सुमारे ४२,००० मजूर खपत होते. त्यांत बायका होत्या, पोरं होती. पानापाचोळ्याच्या झोपड्यांत राहत, पटकीनं आणि तापानं मरत. कुठल्या धर्मात पडदा होता याची चर्चा करताना या बायका कुणाच्या हिशेबात येत नाहीत. डोक्यावर पाटी असली की गोषा सुटतो. पडदा ही आधी ऐपतीची गोष्ट होती, मग धर्माची.

डब्यांतही तेच. वरच्या वर्गाच्या लाकडी डब्यांत एका खिडकीला तीन-तीन पल्ले असत. एक काचेचा, एक बारीक जाळीचा, एक झिलमिलीचा. खाली भिंतीच्या पोकळीत सरकायचे, पट्ट्यानं ओढून वर घ्यायचे. पाऊस आला तर काच, डास आणि निखारे नकोत तर जाळी, ऊन आणि नजर नको तर झिलमिल. तीन वेगळ्या त्रासांवर तीन वेगळे इलाज, आणि निवड प्रवाशाच्या हातात. यापेक्षा शहाणी खिडकी मी पाहिलेली नाही. तिसऱ्या वर्गात यातलं फार थोडं पोहोचलं. घाटात वाफेचं इंजिन बोगद्यात शिरलं की धूर आणि कोळशाची कुसळं डब्यात. बोगदा यायच्या आत झडप चढवायची, बाहेर पडलं की उतरवायची, असं पंचवीस वेळा. १९२९-३० मध्ये घाटात विजेची इंजिनं आली. १ जून १९३० ला दख्खनची राणी धावू लागली, आणि बोगद्यातही खिडकी उघडी ठेवून बसणं शक्य झालं. घाटातला पाऊस बघायला जाणं ही हौस त्या विजेचीही देणगी आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

बायकांच्या डब्याचा कायदा १८९० चा. त्या वर्षीच्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमानं प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गातला किमान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखणं सक्तीचं केलं, आणि गाडी ५० मैलांहून लांब जाणारी असेल तर त्या कप्प्याला शौचकूपही. कायद्यात ना मुसलमान हा शब्द, ना हिंदू. सरकारनं गृहीत धरलेलं होतं की या देशातली कुठलीही बाई, अगदी सर्वांत गरीब तिकिटावरचीसुद्धा, परक्या पुरुषांत कोंबली जाऊ इच्छित नाही. इथं भिंत होती, पण आत बसलेलीला गावाबाहेर नेणारी. पडद्यामुळे जिला दुसऱ्या गावची वेस दिसली नसती ती या कप्प्यामुळे मुंबई-पुणे करू लागली. एकच आडोसा एकीला कोंडतो आणि दुसरीला वाट देतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

रेल्वेबरोबर लोणावळा बदललं. शेड आली, वसाहत आली, इंजिनांच्या पाण्यासाठी भुशीचं धरण आलं. मुंबईच्या पारशी, बोहरी, खोजा, गुजराती धनिकांनी हवा खायला बंगले बांधले. जुन्या बंगल्यांतली उंच, झिलमिलीची दारं-खिडक्या पाहिल्यात तर बांधणाऱ्याला इथली हवा कळली होती हे लक्षात येतं. इथं वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्यात त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. वाळ्याची ताटी मराठवाड्यात मे महिन्यात जादू करते, कारण कोरडी हवा पाणी पिते. लोणावळ्याच्या जुलैत हवाच भिजलेली, ती काय पिणार? इथं शत्रू ऊन नाही, दमट आहे. पाऊस बाहेर ठेवायचा पण वारा अडवायचा नाही, हा इथला पेच. झिलमिल तो सोडवते. पट्ट्या खालच्या बाजूला कललेल्या, थेंब बाहेरच ओघळतो, वारा आत येतो. गोरगरिबांनी पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या नाहीतर पेंढ्याच्या ताट्या बांधून तेच केलं. त्या जागी आता निळं प्लास्टिक आलंय, ते पाऊस अडवतं आणि वाराही.

सध्या या बंगल्यांत आणि नव्या सोसायट्यांत चलती आहे ती चुणीदार पडद्यांची. दुकानात 'प्लीटेड' नाहीतर 'हनीकोंब ब्लाइंड' म्हणून मिळतात. रचना खरोखर सुबक आहे. ताठ कापडाला पंख्यासारख्या, नागमोडी घड्या पाडलेल्या असतात. प्रत्येक घडीतून दोरी ओवलेली. दोरी ओढली की सगळा पडदा वर चार बोटं जागेत गोळा होतो. घडीमुळेच पातळ कापड ताठ राहतं. १८२९ साली लंडनच्या हेन्री पामरनं पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं, त्यामागचं तत्त्व हेच. आपल्या घराच्या पत्र्याला आणि साडीच्या निऱ्यांना हे कधीपासून ठाऊक आहे. हनीकोंबमध्ये अशा घड्यांचे दोन थर जोडून मधे मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे करतात. कप्प्यांत कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत घर गरम ठेवणं महाग झालं, त्या विचारातून हा प्रकार पुढे आला आणि १९८५ साली हंटर डग्लस कंपनीनं तो 'ड्युएट' नावानं बाजारात आणला.

म्हणजे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शोधलेली वस्तू आपण लोणावळ्यात लावतो. शनिवार-रविवारचा बंगला, आठवडाभर बंद. काच लावलेली, आत पडदा सोडलेला. ऑगस्टपर्यंत प्रत्येक चुणीच्या तळाशी काळी बुरशी. ती धुता येत नाही, पुसली तर घडी मोडते. दोष पडद्याचा नाही. ज्या खिडकीत वारा हवा होता तिथं आपण कोंडलेली हवा विकत घेतली.

गाड्यांतही खिडकी बंद झाली आहे. २०२१ मध्ये डेक्कन एक्सप्रेसला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागला. घाट आता चहूबाजूंनी दिसतो, फक्त त्याचा वास येत नाही. २०२३ पासून वंदे भारत याच घाटातून सोलापूरला जाते. तिच्या रुंद काचेला गुंडाळायचा पडदा असतो, आणि एका काचेवर बऱ्याचदा दोन रांगांचा हक्क. पुढच्याला ऊन नको, मागच्याला घाट बघायचाय.

लोणावळा लोकल मात्र अजून उघड्या खिडक्यांची आहे. १९७८ पासून ती धावते आहे. बायकांच्या डब्यात कामशेतच्या भाजीवाल्या, तळेगावच्या कारखान्यांतल्या मुली, नर्सा, कॉलेजच्या पोरी, त्यांत बुरख्यातल्याही. पाऊस तिरपा आत यायला लागला की झडप ओढायची की नाही यावर रोज भांडण होतं. खिडकीजवळ बसलेलीला वारा हवा असतो, पलीकडच्या बाकावरची भिजत असते. बहुतेक वेळा झडप अर्ध्यावर येऊन थांबते.